बकलाची पाठ

पोलीस शिपायाची ओळख सांगताना आपल्याकडे अजूनही ‘बक्कल नंबर’ विचारला जातो. कमरेला पट्टा, पट्ट्यावर धातूचे बक्कल, बकलावर आकडा, आणि त्या आकड्यावरून माणूस ओळखायचा, अशी ही पद्धत. हल्ली तो आकडा गणवेशावर कुठेही असो, शब्द मात्र बकलालाच चिकटून राहिला आहे. कचेरीतला ‘पट्टेवाला’ त्याच्या पट्ट्यावरून ओळखला गेला. ‘चपराशी’ हा शब्दही पट्ट्यावर बसवलेल्या ‘चपरास’ नावाच्या धातूच्या पाटीवरून आला. दोन टोके जोडण्याचे साधे काम करणारी वस्तू माणसाच्या दर्जाची खूण होऊन बसते, हे आपल्या भाषेने असे नोंदवून ठेवले आहे.

शब्दाचे मूळ आणखी मागे जाते. इंग्रजी ‘बकल’ जुन्या फ्रेंच भाषेतून आला आणि फ्रेंच शब्द लॅटिन ‘बुक्कुला’वरून. लॅटिनमध्ये ‘बुक्का’ म्हणजे गाल आणि ‘बुक्कुला’ म्हणजे छोटा गाल. रोमन सैनिकाच्या शिरस्त्राणाचा गालाजवळचा पट्टा या नावाने ओळखला जाई. शिपायाच्या गालापासून निघालेला हा शब्द पुन्हा शिपायाच्याच कमरेशी येऊन थांबला. मधल्या काळात मात्र त्याने एक चैनीचा मुक्काम केला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सुमारे एकशेतीस वर्षे, इंग्लंड-फ्रान्सातील आणि अमेरिकेच्या वसाहतींतील बऱ्या स्थितीतल्या माणसाचा सर्वांत दिसणारा दागिना त्याच्या पायात होता. तो म्हणजे जोड्यावरचे रुप्याचे बक्कल.

आज ही बकले संग्रहालयांत आणि संग्राहकांच्या पेट्यांत आहेत. लंडनच्या केनवुड हाउसमधला लेडी मॉफ यांचा बकलांचा संग्रह प्रसिद्ध आहे. त्याच्या आधारे बर्नार्ड आणि थर्ल ह्यूज यांनी लिहिलेले जॉर्जियन काळातील जोड्यांच्या बकलांवरचे पुस्तक १९७२ मध्ये निघाले. मांडणी अर्थातच दर्शनी बाजूने असते. त्या बाजूवर फॅशनचा इतिहास वाचता येतो. पण बक्कल कोणी घडवले, कसे वापरले आणि पुढे त्याचे काय झाले, हे समजून घ्यायचे तर ते उलटे करून पाहावे लागते.

जोड्यावरचा दागिना

पुढे इंग्लंडच्या आरमाराचा कारभार पाहणारा सॅम्युअल पीप्स आपल्या प्रसिद्ध रोजनिशीत २२ जानेवारी १६६० रोजी नोंदवतो की, आजपासून आपण जोड्यांना बकले लावायला सुरुवात केली. दिवसभरातल्या घडामोडींत ही गोष्ट लिहून ठेवावी असे त्याला वाटले, यावरूनच तिचे नवेपण कळते. तोवर जोडे फितीने बांधत. त्याच वर्षी चार्ल्स दुसरा इंग्लंडच्या गादीवर परत आला. मुंबई बेट आंदण मिळालेला राजा तो हाच. त्याच्या अमदानीत दरबारी पोशाखाला जो नवा थाट आला, त्यात बक्कल रुळले.

सुरुवातीची बकले लहान आणि साधी होती. पुढच्या शंभर वर्षांत ती वाढत गेली. चौकोनी, लंबगोल, कमानदार असे घाट आले; त्यांत जाळीकाम आले, मण्यांची किनार आली, फुलापानांचे खोदकाम आले. हिऱ्याऐवजी काचेचे पैलूदार खडे बसवलेली बकलेही निघाली. अशा नकली खड्यांसाठी पॅरिसचा जडजवाहिऱ्या झॉर्झ फ्रेडरिक स्ट्रास इतका गाजला की, त्या खड्यांना युरोपभर त्याचेच नाव पडले. घरात सुतक असेल तेव्हा लावायची काळी बकले वेगळी असत. १७७० नंतरच्या दशकात फ्रेंच राजघराण्यातल्या काउंट ऑफ आर्त्वाच्या नावाने ओळखली जाणारी प्रचंड बकले आली. ती पावलाच्या माथ्यावरून दोन्ही अंगांना खाली उतरत. शेरिडनच्या १७७७ सालच्या एका नाटकात या वेडाची थट्टा आहे. बक्कल जोड्यासाठी की जोडा बकलासाठी, असा प्रश्न खरोखरच पडण्यासारखी स्थिती होती.

या दागिन्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवायला हवे. बक्कल जोड्याला शिवलेले नसे. जोडा झिजला की बक्कल काढून नव्या जोड्याला लावायचे. त्यामुळे जोडा खर्चात जमा आणि बक्कल मालमत्तेत, असा हिशेब होता. बकलांची जोडी खास डबीत ठेवत आणि मुलाच्या हाती सोपवत. शिवाय बक्कल फक्त जोड्यालाच नसे. गुडघ्याशी संपणाऱ्या तुमानीला लहान बकले लागत, गळ्याभोवतीच्या पट्टीला मानेमागे आणखी एक लागे, टोपीला एक लागे. डोक्यापासून पायापर्यंत माणूस बकलांनी जोडलेला होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या कथेतला नायक पॉल रिव्हिअर हा व्यवसायाने बोस्टनचा रुपे घडवणारा कारागीर. त्याच्या हिशेबाच्या वह्यांतही चहादाण्या आणि चमच्यांबरोबर बकले आहेत.

उलटे केल्यावर

बक्कल उलटे धरले की प्रथम लक्षात येते की, ही एक वस्तू नाही. पुढून दिसते ती चौकट, म्हणजे रुप्याची कड. तिच्या आरपार मधोमध एक बारीक दांडी जाते. या दांडीभोवती फिरणारा, मागे लपलेला भाग लोखंडाचा किंवा पोलादाचा असतो. इंग्रज कारागीर त्याला ‘चेप’ म्हणत. चेपचे दोन अवयव असतात. एका बाजूला दोन काट्यांची जीभ असते आणि दुसऱ्या बाजूला टोकदार दात असलेला आकडा.

त्या काळच्या जोड्याला दोन बाजूंनी दोन चामडी पट्ट्या असत आणि त्या पावलाच्या माथ्यावर एकमेकींवर येत. आकड्याचे दात एका पट्टीत रुतवले की बक्कल तिथे पक्के बसे. मग दुसरी पट्टी चौकटीखालून ओढून घ्यायची आणि जिभेचे काटे तिच्यात टोचायचे. चालताना पाऊल वाकते, पट्ट्या ताणल्या जातात आणि तो सगळा ताण दांडीवर आणि काट्यांवर येतो. रुप्याच्या चौकटीने फक्त आकार टिकवायचा असतो.

आता प्रश्न असा की, चौकट रुप्याची असताना काटे लोखंडाचे का? उत्तर धातूच्या स्वभावात आहे. शुद्ध चांदी इतकी मऊ की वापराची वस्तू तिच्यात टिकत नाही. म्हणून इंग्लंडच्या कायद्याने ठरवलेल्या चांदीत हजारात ९२५ भाग चांदी आणि बाकीचे बहुधा तांबे असते. तांब्याने चांदी कडक होते, पण इतकी नाही की तिचे बारीक काटे रोज चामड्यात घुसून सरळ राहतील. ते काम पोलादानेच करायचे. म्हणजे या दागिन्यात शोभा एका धातूची आणि कष्ट दुसऱ्याचे, अशी वाटणी मुळातच होती. ओलावा लागला की चांदी फार तर काळवंडते. लोखंड गंजून संपते. म्हणूनच मातीतून निघालेल्या कित्येक बकलांची फक्त चौकट उरलेली असते आणि दांडीची भोके रिकामी दिसतात.

अखंड मिळालेल्या बकलांच्या चेपवरून काळाचा अंदाज येतो. जुन्या, लहान बकलांच्या चेपला पुष्कळदा एक गुंडी किंवा नांगरासारखा आडवा तुकडा असे आणि तो चामड्याच्या फटीत अडकवत. पुढे दात असलेला आकडा रूढ झाला. गळपट्टीच्या बकलाला एका बाजूला काट्यांऐवजी लहान गुंड्यांची रांग असते, कारण तिथे चामडे नसून कापड असे आणि कापडाला गुंडीघरे करता येत. स्त्रिया आणि पुरुष, गुडघा आणि गळा, आधीचा काळ आणि नंतरचा, हे सारे भेद मागच्या बाजूने जितके स्वच्छ कळतात तितके पुढून कळत नाहीत.

घडण

हाताने घडवलेले रुप्याचे बक्कल बनवण्याची जुनी रीत ओतकामाची होती. आधी एक नमुना करायचा. ओलसर, बारीक वाळू दोन चौकटींत ठासून तिच्यात नमुन्याचा ठसा घ्यायचा. वितळलेले रुपे येण्यासाठी वाट आणि हवा निघून जाण्यासाठी दुसरी वाट कोरायची. मुशीत रुपे वितळवून एका धारेत ओतायचे. शुद्ध चांदी ९६१ अंश सेल्सिअसला वितळते. तांबे मिसळलेली त्याआधीच पातळ होऊ लागते. धार थबकली तर ओतीव तुकड्यात सांधा राहतो, वाळू ओली राहिली तर वाफेने छिद्रे पडतात. आपल्याकडचे ओतारी आणि सोनार यांना यातले काहीच नवे वाटणार नाही. मूस, चिमटा, फुंकणी, कानस, ऐरण ही हत्यारे लंडनमध्ये आणि पुण्यात सारखीच होती.

साच्यातून निघालेला तुकडा खडबडीत असतो. खरे काम इथून सुरू होते. वाटांमध्ये गोठलेले रुपे कापून टाकायचे, कडा कानशीने घासायच्या, नक्षीतली वाळू खरवडायची. मग ओतीव नक्षीला छिन्नी आणि ठोकण्याच्या खिळ्यांनी धार आणायची. जाळीकाम असेल तर बारीक करवतीने एकेक घर कापायचे. त्यानंतर चौकट पावलाच्या माथ्यासारखी बाकदार करायची. या बाकातच कारागिराची परीक्षा असे. रुपे ठोकले किंवा वाकवले की ते ताठ होत जाते आणि एका मर्यादेनंतर तडकते. म्हणून मध्येच ते लालसर तापवून पुन्हा मऊ करावे लागते. कधी थांबायचे आणि कधी तापवायचे हे हातोडीखालच्या आवाजावरून आणि हाताला लागणाऱ्या उसळीवरून कळते. दांडी ज्या दोन जागी चौकटीत शिरते तिथे धातू जाड ठेवावा लागतो, नाहीतर भोक फाटते. नवख्याचे बक्कल इथेच सापडते.

शतकाच्या शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांत आणखी एक कसब लोकप्रिय झाले. चकचकीत घासलेल्या पोलादी टोकाने रुप्यात तिरके, पैलूदार छेद घ्यायचे. प्रत्येक छेदाची बाजू आरशासारखी लकाकते. मेणबत्तीच्या उजेडात पाऊल हलले की चौकटीवर ठिणग्या फिरल्यासारख्या दिसत. खडे न बसवता खड्यांची झळाळी आणण्याची ही युक्ती होती. ती अशा हाताची होती जो चुकला तर दुरुस्तीला जागा नसते, कारण छेद खोल गेला की बुजवता येत नाही.

पाठीमागची बाजू मात्र कोणी सजवत नसे. तिथे कानशीचे ओरखडे तसेच राहत, ओतकामातली बारीक छिद्रे तशीच राहत. पाठ अगदी सपाट, पोकळ आणि सगळीकडे सारख्या जाडीची असेल, तर ते बक्कल पत्र्यावर ठसा मारून काढलेले असण्याचा संभव अधिक. कारागिराने जे दाखवण्यासाठी केले ते पुढे असते. जे करावे लागले ते मागे असते.

शिक्का कोणाचा?

पाठीवरच बारीक शिक्के सापडतात. आज सोने घेताना आपण ज्या ‘हॉलमार्क’ची चौकशी करतो तो शब्द लंडनच्या सोनारांच्या संघाच्या सभागृहावरून, म्हणजे ‘गोल्डस्मिथ्स हॉल’वरून आला आहे. १४७८ पासून लंडनमध्ये वस्तू त्या सभागृहात नेऊन तपासून घ्यावी लागे. चालणारा सिंह म्हणजे ठरलेल्या कसाची चांदी. एक अक्षर म्हणजे वर्ष. आणि आद्याक्षरे म्हणजे ती वस्तू तपासायला पाठवणाऱ्याची खूण. १७८४ च्या डिसेंबरपासून चांदीवर कर लागला आणि तो भरल्याची पावती म्हणून राजाच्या मस्तकाची छाप वाढली. एखाद्या बकलावर हे मस्तक असेल तर ते त्याआधीचे नाही हे लगेच कळते.

बकलांवर हे सगळे शिक्के क्वचितच एकत्र मिळतात. चौकटीच्या पाठीला जागा थोडी आणि तिच्यात बाक. त्यामुळे शिक्के अर्धवट उमटलेले, चेपटलेले असतात. अठराव्या शतकातल्या कायद्यांनी अनेक लहान वस्तूंना तपासणीतून सूटही दिली होती. पुष्कळदा फक्त आद्याक्षरे असतात, नाहीतर आद्याक्षरे आणि सिंह.

ही आद्याक्षरे वाचताना एक सावधगिरी हवी. आपल्याला वाटते, हे कारागिराचे नाव. ते बहुतेक वेळा कारखान्याच्या धन्याचे नाव असते. लंडनची हेस्टर बेटमन हे याचे बोलके उदाहरण. नवरा १७६० मध्ये वारल्यावर तिने १७६१ मध्ये ‘एच. बी.’ ही आपली खूण नोंदवली आणि १७९० पर्यंत कारखाना सांभाळला. तिला अक्षरओळख नव्हती असे मानले जाते. पण तिची दोन अक्षरे आज संग्राहकांच्या जगात सर्वांत ओळखीच्या खुणांपैकी आहेत. मुले, सून, कामगार आणि उमेदवार असा तिचा मोठा व्याप होता. वस्तूवर दोन अक्षरे असली तरी तिला हात अनेकांचे लागलेले असत. चेप घडवणाऱ्याचे तर सरकारी दप्तरात नावच नाही, कारण लोखंडाला कस नसतो आणि म्हणून तपासणीही नसते. एखाद्या चेपवर बारीक खूण ठोकलेली आढळते, पण ती जुळवून पाहावी अशी नोंदवही कुठेच नाही.

हजार हातांचे गाव

हे हात कुठे होते? रुप्याची उंची बकले लंडनमध्ये होत, पण बकलांचा मोठा धंदा मध्य इंग्लंडमध्ये होता. बर्मिंगहॅम, वॉल्सॉल, वुल्व्हरहॅम्प्टन आणि आजूबाजूची गावे त्यावर जगत. चेप करणारा वेगळा, चौकट ओतणारा वेगळा, जाळी कापणारा वेगळा, झिलई देणारा वेगळा, आणि या सगळ्यांकडून माल गोळा करून जोड्या लावणारा आणखी वेगळा. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये श्रमविभागणी समजावताना टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण दिले. बकलांचे दिले असते तरी चालले असते. आपल्याकडे पितळी भांडे तांबटाकडून कल्हईवाल्यापर्यंत फिरते, तसे बक्कल गल्लीगल्लीतून फिरत पूर्ण होई. म्हणून ‘हातची वस्तू’ या शब्दाचा अर्थ एकाच कलावंताची कृती असा इथे घेता येत नाही. ती अनेक हातांची, पण तरीही हातांचीच वस्तू होती.

स्वस्त मालाची भूक वाढली तसे रुप्याला पर्याय निघाले. शेफील्डच्या थॉमस बोल्सोव्हरला १७४३ च्या सुमारास असे आढळले की, तांबे आणि रुपे एकत्र तापवून जोडले तर ती जोडलेली लगड एकजीव पत्रा होऊन लाटता येते. वरून रुपे, आत तांबे. या पत्र्याच्या गुंड्या झाल्या, डब्या झाल्या आणि बकलेही झाली. पैलू पाडलेल्या पोलादाची बकले निघाली, पितळेची निघाली. कारकून आणि दुकानदार आता उमरावासारखे पाऊल टाकू लागले. उमरावाला अर्थातच आणखी मोठे बक्कल हवेसे झाले.

मॅथ्यू बोल्टन याच बर्मिंगहॅममधला. १७२८ मध्ये जन्मलेला बोल्टन बकले आणि बारीकसारीक धातुकाम करणाऱ्या बापाच्या धंद्यात वाढला. पुढे त्याने सोहो येथे प्रचंड कारखाना उभारला. रुप्याच्या मालावर शिक्का मारून घ्यायला तो चेस्टरला पाठवावा लागे आणि त्या खेपेत माल खराब होई. त्याने नेटाने प्रयत्न करून १७७३ मध्ये कायदा करवून घेतला आणि बर्मिंगहॅम व शेफील्ड या दोन्ही गावांना आपापली तपासणी-कचेरी मिळाली. बर्मिंगहॅमच्या शिक्क्यात नांगर आला. समुद्रापासून दूर असलेल्या गावाची खूण नांगर असावी, ही गंमत आजही बकलाच्या पाठीवर पाहायला मिळते.

नाडीने केलेला घात

शिखरावरून घसरण दहा-पंधरा वर्षांत झाली. तिला दोन कारणे एकदमच भेटली.

पहिले फ्रान्समध्ये. १७८९ मध्ये क्रांती झाली तेव्हा सरकारी तिजोरी रिकामी होती. ७ सप्टेंबरला पॅरिसच्या कलावंतांच्या बायका राष्ट्रीय सभेत आल्या आणि त्यांनी अंगावरचे दागिने राष्ट्राला दिले. त्यानंतर देणगीची लाट उसळली आणि वर्ष संपण्याआधी सभेच्या सदस्यांनी आपल्या जोड्यांवरची रुप्याची बकलेही काढून दिली. ती टांकसाळीकडे गेली. रुप्याचे बक्कल आता उमरावशाहीची खूण ठरले. ते लावून फिरणे शहाणपणाचे राहिले नाही. १७९२ मध्ये गृहमंत्री झालेला रोलां साध्या नाडीचे जोडे घालून राजवाड्यात गेला आणि ते पाहून दरबारी अधिकारी हादरून गेला, अशी आठवण त्या काळच्या लेखनात आहे. राजदंड गेला नव्हता, राजाही होता. पण जोड्यावरचे बक्कल गेले एवढ्यानेच काय बदलले ते त्या अधिकाऱ्याला कळले.

दुसरे कारण इंग्लंडमध्येच होते, आणि त्यात राजकारण कमी आणि आवडनिवड अधिक होती. साधा पोशाख, उंच बूट आणि बांधायची नाडी यांची चाल पडली. नाडी काही पैशांची होती आणि ती कोणीही विणू शकत होते.

डिसेंबर १७९१ मध्ये बर्मिंगहॅम, वॉल्सॉल आणि वुल्व्हरहॅम्प्टनच्या बकले करणाऱ्यांनी युवराजाकडे अर्ज केला. आपला धंदा वीस हजारांहून अधिक माणसे पोसतो, नाडीच्या चालीने ती उपाशी मरत आहेत, तेव्हा युवराजांनी स्वतः बकले वापरून लोकांपुढे उदाहरण ठेवावे, असा त्यांच्या मागणीचा आशय होता. तेव्हा नाडीला बायकी ठरवून हिणवण्याचाही प्रयत्न झाला. पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आलेल्या त्या युवराजाने अर्ज मान्य केला. स्वतः बकले वापरली आणि आपल्या नोकरमंडळींनाही तसा हुकूम दिला.

काही उपयोग झाला नाही. एकोणिसावे शतक उजाडेपर्यंत बक्कल दरबारी पोशाखापुरते उरले. फॅशन राजवाड्यातून खाली येते अशी समजूत होती. तीवर कारागिरांनी सगळा भार टाकला होता. या वेळी ती खालून वर गेली. ज्या दर्शनी झळाळीसाठी लोक बक्कल घेत होते, तीच आता लोकांना नको झाली होती. जोडा पायाला घट्ट बसवण्याचे खरे काम पाठीमागचे लोखंड करत होते, आणि ते नाडीने फुकटात उचलले.

बोल्टनला मात्र या पडझडीची झळ तितकी बसली नाही. त्याने जेम्स वॉटबरोबर १७७५ मध्येच वाफेच्या इंजिनांचा धंदा मांडला होता आणि त्याच वाफेवर चालणारी नाण्यांची यंत्रे सोहोत बसवली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी त्याने तांब्याची नाणी पाडली. त्यांवर एका बाजूला कंपनीचे गाठोड्यासारखे चिन्ह आहे आणि दुसऱ्या बाजूला तराजू. तराजूत फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय, असा शब्द. त्या नाण्यांवरचे साल १७९१ आहे. ज्या वर्षी बर्मिंगहॅमचे बकलेवाले युवराजापुढे हात जोडत होते, त्याच वर्षी बकले करणाऱ्याच्या मुलाने पाडलेले पैसे मुंबईच्या बाजारासाठी तयार होत होते. पुण्यात तेव्हा सवाई माधवरावांची पेशवाई होती. १८२९ मध्ये मुंबईची टांकसाळ उभी राहिली तेव्हा तिची यंत्रेही सोहोच्याच कारखान्यातून आली. ठसा मारण्याची जी विद्या गुंड्या-बकलांवर पोसली होती, ती नाण्यांवर जगली. ओतून, कानशीने घासून, कान देऊन रुपे वाकवण्याची विद्या अशी नवी जागा शोधू शकली नाही.

मोड आणि घडणावळ

आपल्याकडे दागिना मोडीत काढताना सोनार वजन करतो, कस पाहतो आणि घट वजा करतो. घडणावळीचा पैसा परत मिळत नाही. दागिन्यात असलेली धातू कायमची आणि हात तात्पुरता, हा सराफकट्ट्याचा जुना नियम आहे. रुप्याची बकले या नियमाला बळी पडली. चाल गेल्यावर त्यांना वापर उरला नाही, पण वजन होते. लाखो बकले चमचे झाली, पैसे झाली, पुढच्या पिढीचे दागिने झाली. पितळेची आणि पोलादाची अडगळीत पडून राहिली, म्हणून काही प्रमाणात वाचली. जे मौल्यवान होते ते मौल्यवान असल्यामुळेच वितळले.

वाचलेल्या रुप्याच्या बकलांपैकी अनेक वेष पालटून वाचली आहेत. एकोणिसाव्या शतकात चेप काढून टाकून त्यांच्या पाठीला टाचणी झाळली गेली आणि त्यांचे ब्रोच झाले. काहींना पट्टा लावून कमरेचे बक्कल केले. आज बाजारात ‘जॉर्जियन बक्कल’ म्हणून आलेली वस्तू हाती घेतली तर पाठ चार प्रश्नांची उत्तरे देते. दांडीची भोके गोल आहेत की झिजून लांबट झाली आहेत? लांबट असतील तर ते बक्कल खरोखर कोणाच्या तरी पायात चालले आहे. चेप मूळचा आहे की नंतर बसवलेला? चौकटीचा बाक पावलाचा आहे की कोणी तो ठोकून सपाट केला? आणि जिथे शिक्का असायला हवा, तिथे झाळणीचा डाग तर नाही ना?

जुन्या रुप्याच्या वस्तूंवर आपले प्रेम असते, पण ते बहुधा नक्षीवर असते. आजीचा कमरपट्टा काढला की त्याची फुले आणि साखळ्या आपण पाहतो. फासा आणि त्याचे आकडे पाहत नाही, जरी इतकी वर्षे तो कमरपट्टा कमरेवर त्यांनीच धरून ठेवलेला असतो. अशा वस्तू कपाटातून काढून घासताना, किंवा ‘वापरात नाही’ म्हणून मोडीत घालण्यापूर्वी, एकदा उलट्या करून पाहाव्यात. कानशीचे ओरखडे, झिजलेली भोके, एखाद्या वेगळ्याच हाताने केलेली दुरुस्ती अशा नोंदी तिथे असतात. त्या कुठल्याही वहीत नाहीत. मुशीत गेल्यावर रुपे तेवढेच राहते, पण या नोंदी पुसल्या जातात आणि त्यांच्याबरोबर ती माणसेही.